सकाळी न ऐकणारं मशीन

“ठोसर! पडलं! परत पडलं! काल चाललं म्हणून दोन पेढे खाऊन गेलात ना हो? ओका ते पेढे आता!”

तात्या चुरी ओरडले की समोरच्या केळीच्या वाडीतले बगळे उडून थेट खाडीपलीकडे जाऊन बसत. मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेत होतो. तो तसाच टाकून पळत आलो. आत तात्या, म्हणजे संस्थेचे चेअरमन, धोतराचा सोगा हातात धरून उभे. समोर खुर्चीत संस्थेचा कारकून इनास तुस्कानो, पुतळ्यासारखा. आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तीच ओळ: सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड.

या ओळीचा साध्या मराठीत अर्थ असा: मी नको तिथे हात घातला, झटका बसला, मी मेलो. मरताना पोटात होतं नव्हतं ते एका फाईलीत ओकून ठेवलंय, तुम्हाला काही उमगलं तर बघा.

दसऱ्याला सुरू केल्यापासून त्या मशीनने जेवढं ओकलं, ते कागदावर छापून रचलं असतं तर तुंगारेश्वरचा डोंगर ठेंगणा वाटला असता.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी मुंबईतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर बसवून द्यायच्या कामाला होतो आणि राहायला विरारला. त्यामुळे वैतरणेच्या अलीकडे जे काही बंद पडेल ते माझ्या गळ्यात. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. गोखिवऱ्याला बादल्यांच्या कारखान्याचा एक मालक होता. एसीच्या गारव्याने मशीनला सर्दी होईल म्हणून तो त्यावर गोधडी घालायचा आणि आतून धूर आला की मला फोन करायचा, “ताप आलाय.” पण तो मालक बरा. गोधडी काढली की रोगी उठून बसायचा. बागायतदारांच्या संस्थेचं दुखणं तसलं नव्हतं.

संस्था वसईच्या पश्चिम पट्टीतली. गावोगावची फुलं, भाजी, केळी गोळा करून बाजारात पाठवायची आणि ज्याचे त्याला पैसे द्यायचे. सभासद हिंदू आणि किरिस्तांव, दोन्ही. भांडणं मात्र एकच: माझी टोपली तुझ्या टोपलीपेक्षा जड होती. हे भांडण कायमचं मिटावं म्हणून तात्यांनी कॉम्प्युटर आणला. विरोधी गटाचे वसंतशेठ म्हणाले, “हा पांढरा हत्ती आहे.” तात्या म्हणाले, “विशेष सर्वसाधारण सभेत हत्ती चालवून दाखवतो. नाही चालला तर परत पाठवू.”

आणि हत्तीबरोबर माहूतही परत जाणार होता. इनास टेम्पररी होता. मशीन चालवायचं शिक्षण संस्थेने त्याला दिलं होतं. सभेआधी मशीन चाललं तर तो कायम, नाही तर घरी. त्याचं लग्न ठरलं होतं गिरीजच्या सिसिलियाशी. तिचे वडील मिंगेलकाका यांनी साफ सांगितलेलं, “आधी कायमचा कागद, मग चर्चमध्ये घोषणा.” किरिस्तांव लग्नाची घोषणा तीन रविवार चर्चमध्ये करतात. नाताळनंतरचं लग्न धरायचं तर पहिला रविवार सभेच्या पाठोपाठचाच होता. म्हणजे मशीन नाही तर घोषणा नाही, घोषणा नाही तर सिसिलिया नाही. माझ्या कंपनीने मला इतका धाक कधी घातला नव्हता जितका त्या पोराच्या गप्प बसण्याने घातला. तो काही बोलायचाच नाही. मशीन पडलं की खिशातून सुकेळ्याचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा काढून माझ्यापुढे धरायचा, जसा काही मीच आजारी.

आता आमचा धंदा बाहेरच्यांना समजावून सांगतो; सुकेळ्यावरूनच सांगतो. डेटाबेस म्हणजे माहिती साठवून हवी तेव्हा काढून देणारं सॉफ्टवेअर. असलं सॉफ्टवेअर तयार मिळतं, तसं कच्चंही मिळतं. तयार म्हणजे केळीच्या वाळक्या पानात बांधलेलं सुकेळं: उघडा, खा. कच्चं म्हणजे राजेळी केळ्यांचा घड. सोलणं, वाळवणं, बांधणं तुमच्याकडे. त्या कच्च्याला सोर्स म्हणतात आणि वाळवण्याला कंपाईल. आमच्या कंपनीने पैसे वाचवायला अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या पोरांनी लिहिलेला कच्चा घड टेपवर आणला होता. शेकडो फाईली. एकेक वाळवायची, मग सगळ्या एकत्र बांधायच्या. सगळा घड वाळवायला त्या मशीनला दीड दिवस लागे आणि संध्याकाळी सहाला संस्थेला कुलूप. एसीचं बिल बघून तात्यांनी रात्री मशीन चालू ठेवायला बंदी केलेली. म्हणून आम्ही ‘मेक’ नावाच्या मुकादमावर भिस्त ठेवायचो. हा मुकादम प्रत्येक फाईलीची वेळ बघतो. कच्ची फाईल सुकलेलीपेक्षा नवी असेल तर म्हणतो, ही बदललीय, पुन्हा वाळवा. जुनी असेल तर म्हणतो, ठीक आहे, हात लावू नका. त्यामुळे एक ओळ दुरुस्त केली की सगळा घड नव्याने घालावा लागत नाही. फार हुशार मुकादम. फक्त वेळेवर त्याचा आंधळा विश्वास.

पहिला अपघात दसऱ्याच्या दिवशीच झाला, दुपारी शेवटच्या फाईली वाळून झाल्यावर. मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, मुहूर्त साधून तात्यांनी स्वतः बटण दाबलं. सॉफ्टवेअरने पहिला प्रश्न विचारला, मालकाचं नाव काय? इनासने संस्थेचं नाव टाईप केलं आणि मशीन आडवं झालं. का, तर त्या अमेरिकन पोरांनी मालकाच्या नावाला जागा ठेवली होती एखाद्या स्मिथपुरती. आमचं नाव ‘फळ, फूल व भाजीपाला उत्पादक बागायतदार सहकारी खरेदी-विक्री व वाहतूक संस्था मर्यादित’. ते नाव स्मिथच्या खोलीत शिरलं, भिंत फोडून शेजारच्या स्वयंपाकघरात गेलं आणि तिथे जे शिजत होतं त्यात पडलं.

“नाव थोडं छोटं करू या?” मी विचारलं.

“रजिस्टर झालेलं नाव आहे,” तात्या म्हणाले. “तुमच्या अमेरिकेला सांगा, खोली मोठी बांधा.”

सोपं काम होतं. सोर्समध्ये एक आकडा मोठा करायचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन केला. मेक म्हटलं. मुकादमाने काही फाईली वाळवल्या. चालवलं. पडलं.

आकडा तपासला. बरोबर होता. आणखी वाढवला. पडलं. शंभर पट वाढवला, म्हटलं वसई तालुक्यातल्या समस्त सभासदांची नावं एका दमात घातली तरी चालेल. पडलं, आणि आता पडायची जागाही बदलली. वैतागून संध्याकाळी पाचच्या सुमाराला उगाच तोच आकडा पुन्हा लिहिला, मेक म्हटलं, आणि चाललं!

तात्यांनी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सभासदांच्या यादीची पुढची अडचण सोडवायला एक छोटी दुरुस्ती केली आणि कालचं चाललेलंही पडलं.

हे असं रोज. दिवाळी आली, गेली. मी आकाशकंदिलाऐवजी मशीनने ओकलेल्या कोअर फाईली बघत बसलो. सकाळी केलेली दुरुस्ती मशीन ऐकायचं नाही, संध्याकाळी केलेली ऐकायचं. सकाळी मी जरा कुठे हात लावला की संध्याकाळचा गुण गेला. माझ्या बायकोचा स्वभावही असा नव्हता, तिच्याबाबतीत निदान उलट होतं. मी मुंबईला फोन लावला. साहेब म्हणाले, “सोर्समध्येच खोट असेल, अमेरिकेला लिहितो.” मी त्या विद्यापीठातल्या पोरांना ज्या शिव्या घातल्या त्यांतल्या निम्म्या इनासने पूर्वी ऐकलेल्या नव्हत्या. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

एकदा तर मी सोर्समध्ये एक ओळच घातली: या जागी पोचलास की पडद्यावर ‘ठोसर इथे आला होता’ असं छाप. सकाळी चालवलं. ठोसर आलाच नाही. डोळ्यांसमोर लिहिलेली ओळ, फाईलीत आहे, मशीनमध्ये नाही! त्या दिवशी मला खरंच वाटलं की आपण शिकलेलं सगळं विकून कळंबला किनाऱ्यावर नारळपाणी विकावं. संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी त्या फाईलीला हात लावला आणि पडद्यावर भुतासारखं उमटलं, ‘ठोसर इथे आला होता’.

“हे बघा,” तात्या म्हणाले, “मशीनला सकाळची झोप लागते. आमच्या बैलाचं असंच होतं.”

“तात्या, मशीन झोपत नाही.”

“मग सकाळी ऐकत का नाही?”

मी एसी वाढवला, कमी केला. व्होल्टेज मोजलं. वाडीतले पंप सकाळी चालतात म्हणून दोन दिवस त्यांच्यावर संशय घेतला आणि शेजारच्या बागायतदाराशी भांडून आलो. त्याने त्याच दिवशी माझ्या मोपेडच्या सीटवर शेणखताची पाटी रिकामी केली.

रविवारी मिंगेलकाका चर्चमधल्या मिस्साहून परतताना ऑफिसच्या खिडकीशी सायकल टेकवायचे. सभा जवळ आल्यापासून मी आणि इनास रविवारीही कामावर होतो. काका आत यायचे नाहीत. खिडकीतून विचारायचे, “पडते?”

“पडते,” इनास म्हणायचा.

“बरं,” म्हणून काका निघून जायचे. त्या ‘बरं’मध्ये माझ्यावरची सगळी नापसंती एका मात्रेत मावलेली असे. एका रविवारी मात्र त्यांनी पुढे विचारलं, “इंजिनेर, माझ्या मुलीचं नाव टाकून बघितलं का? ते लहान हाय.”

सभेला आठवडा उरला तेव्हा मी ठरवलं की सकाळी लवकर यायचं. एरवी मी दहाच्या पुढे पोचायचो. तोवर इनासने मशीन चालू करून, पुसून, तयार ठेवलेलं असायचं. त्या दिवशी मी त्याच्या आधी पायरीवर बसलेलो. तो आला, चपला बाहेर काढल्या, कुलूप उघडलं, मशीनसमोर उभं राहून क्रूस केला आणि बटण दाबलं.

आजच्या मशीनच्या पोटात एक बारीक बॅटरी असते, त्यामुळे ते बंद असतानाही त्याला तारीख-वेळ कळत राहते. त्या मशीनला असली बॅटरी नव्हती. रोज सकाळी जाग आली की ते विचारायचं, आज काय तारीख? वेळ काय? आणि जो पुढे बसलेला असेल तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचं.

इनासने तारीख टाईप केली. मी सहज बघितलं. मग पुन्हा बघितलं.

“इनास, हे काय घातलंस?”

“तारीख, साहेब.”

“ही दसऱ्याची आहे!”

“हो साहेब. मुहूर्ताची.”

“रोज हीच घालतोस?”

“रोज. तात्यांनी सांगितलंय, मशीन नीट चालेपर्यंत मुहूर्त मोडायचा नाय.”

आता सांगा. आमच्या मशीनमध्ये दीड महिना रोज दसराच चालू होता! वेळ घड्याळातली खरी, तारीख मात्र तीच. दसरा रोज सकाळी उजाडायचा, संध्याकाळी सहाला मावळायचा, आणि उद्या पुन्हा तोच. काल दुपारी वाळवलेली फाईल मशीनच्या हिशेबाने ‘दसऱ्याच्या दुपारची’, आणि आज सकाळी मी दुरुस्त केलेली ‘दसऱ्याच्या सकाळची’. मुकादम बिचारा म्हणतोय, सुकलेली नवी आहे, कच्ची जुनी आहे, हात लावू नका! म्हणून काही फाईली नव्या मापाने वाळल्या, काही जुन्याच राहिल्या. अर्ध्या सुतारांना चार हातांची पेटी सांगितली, अर्ध्यांना दोन हातांची; तळ फुटणार नाही तर काय? आणि संध्याकाळी दुरुस्त केलं की ते आदल्या सगळ्यापेक्षा नवं ठरायचं, म्हणून संध्याकाळी चालायचं.

तुम्ही म्हणाल, ठोसर, फाईलीच्या यादीत तारीख दिसते, तुम्ही बघितली नाही? मी वेळ बघत होतो. भिंतीवरचं घड्याळ बघताना महिना तपासणारा माणूस तुम्हाला माहीत असेल तर मला त्याच्याकडे घेऊन चला, मी त्याच्या पाया पडेन.

मग मी ओरडलो. तात्यांचे बगळे खाडीपर्यंत जायचे, माझे अर्नाळ्याला जाऊन उतरले असतील. त्या आवाजानेच तात्या आले.

“तात्या, मशीनला खोटी तारीख?”

“खोटी कशी? प्रस्थान ठेवलंय.”

प्रस्थान म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. मुहूर्तावर प्रवासाला निघता येत नसेल तर त्या वेळी आपलं एखादं गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे आपण निघालो, मग सवडीने गेलं तरी मुहूर्त साधलेला. तात्यांनी तारखेचं गाठोडं करून मशीनमध्ये ठेवलं होतं. दसऱ्याला मशीन पडलं, म्हणजे प्रवास सुरू झाला नाही. मग प्रवास होईपर्यंत मुहूर्त धरून ठेवणं त्यांच्या दृष्टीने बिनचूक होतं. या माणसाशी मेक, वेळ, सुकलेल्या फाईली यांवर वाद घालणं म्हणजे विहिरीशी वाद घालणं. ओरडून माझाच आवाज परत आला असता.

मी खुर्चीत बसलो. पाणी प्यालो. आणि एकदम सुचलं.

“तात्या, तुमच्याकडे प्रस्थान किती दिवस चालतं?”

तात्यांनी बोटं मोजली. “तीन दिवस. फार तर पाच.”

“आणि दसरा होऊन?”

तात्यांनी इनासकडे बघितलं. इनासने जमिनीकडे. तात्यांनी कोनाड्यातलं पंचांग काढलं, चष्मा लावला, ओठ हलवत बराच वेळ पानं उलटली. दोन वेळा माझ्याकडे रागाने बघितलं, जणू पंचांग मीच छापलंय.

“गाठोडं शिळं झालं म्हणायचं,” शेवटी ते म्हणाले. “आज साडेदहानंतर चांगलं आहे. मशीन बंद कर, इनास, आणि नव्याने चालू करून आजची तारीख घाल. पण साडेदहा वाजल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.”

आम्ही तिघे साडेदहापर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. माझ्या नोकरीतला इतका लांब मुहूर्त दुसरा नाही.

मग मी जुनं सुकवलेलं सगळं पुसून टाकलं. रात्री मशीन चालू ठेवायची परवानगी मागितली. एसीचं बिल आठवून तात्यांनी कपाळाला हात लावला, पण दिली. पुढच्या दिवशी दुपारी शेवटची फाईल बांधली गेली. इनासने संस्थेचं नाव टाईप केलं. फळ, फूल, भाजीपाला, सगळं आत गेलं, दार लागलं, भिंत जागेवर. दीड महिन्यात केलेल्या माझ्या सगळ्या दुरुस्त्या बरोबर होत्या. त्यांची आपसात कधी गाठच पडली नव्हती.

सभेला मांडव भरलेला. मशीनने पहिल्याच फटक्यात एका सभासदाचा फुलांचा सगळा हिशेब छापून दिला. टाळ्या पडल्या. मग वसंतशेठ उठले.

“चाललं ते ठीक. पण दीड महिना रोज पडत होतं ते कोणाच्या चुकीने? सभेला कळलं पाहिजे. मशीनजवळ बसायचा कोण? इनास! अशा माणसाला कायम करायचं?”

तात्या माझ्याकडे बघायला लागले. इनास कोणाकडेच बघत नव्हता. मांडवाच्या शेवटच्या रांगेत मिंगेलकाका टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. खरं सांगावं तर इनास घरी. थोडं जास्त खरं सांगावं तर तात्या घरी. मी माईक हातात घेतला.

“वसंतशेठ, चूक अमेरिकेची,” मी म्हणालो. “त्यांच्याकडे दिवस तेव्हा आपल्याकडे रात्र. टेप तिकडच्या वेळेत भरलेली. इथे आली तेव्हा तिला सकाळ कधी, संध्याकाळ कधी ते समजेना. आपली सकाळ म्हणजे तिची झोपायची वेळ. तिला इथली वेळ लागेपर्यंत दम धरणं एवढंच हातात होतं. इनासने दीड महिना एक दिवस न चुकता दम धरला.”

मग बोळिंजची एक म्हातारी बाई उठून म्हणाली, “बरोबर हाय. माझा नातू कुवेतवरनं आला तेव्हा आठ दिवस दुपारचा घोरत होता.” दुसरा म्हणाला, “आमची माय लंडनला गेली ती पंधरवडा रात्रीच उठून चूल शोधायची.” पाच मिनिटांत सगळ्या सभेचे परदेशातले नातेवाईक जागे झाले. वसंतशेठ “हे काय...” म्हणत उभे होते ते तसेच बसले. तात्यांनी घसा साफ करून इनासला कायम करण्याचा ठराव मांडला आणि अमेरिकेचा निषेधही जोडून टाकला. दोन्ही एकमताने मंजूर.

पुढल्या रविवारी चर्चमध्ये पहिली घोषणा झाली. नाताळनंतर लग्न. मी बायकोसकट गेलो, सूट घालून. वराला भेटायच्या रांगेत उभा राहिलो. मिंगेलकाकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “पडत नाय ना आता?” मी म्हटलं, नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी इनासला मिठी मारली. तो कधी नव्हे तो हसत होता. मी त्याच्या कानाशी लागून म्हणालो, “अरे बाबा, आता कायम झालास, सुखी हो. पण रजेवरून आलास की मशीन चालू करताना रोज त्या-त्या दिवसाची खरी तारीख घालायची. घालशील ना?”

“तात्यांना विचारून घालतो,” तो म्हणाला.